अटकेचा ‘पार’ आणि ‘ध’चा ‘मा’

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन संशोधन-स्पर्धेत आमच्या मराठी विभागाच्या पाच विद्यार्थ्यांनी एक प्रकल्प सादर केला. संयोजकांनी विषयांची यादी दिली होती. तीतून मुलांनी उचललेला विषय असा होता : ‘अटकेपार झेंडे लावणारे राघोबादादा : नायक की खलनायक?’ पाच महिने खपून मुलांनी बेचाळीस पाने लिहिली. ती पाने परत आली तेव्हा शेवटच्या पानाच्या तळाशी परीक्षकांचा शेरा होता : परिश्रम उल्लेखनीय, मात्र निष्कर्ष ठाम नाही. आम्ही, म्हणजे भिवंडीच्या त्या विभागात शिकवणारे तिघे, आज लिहायला बसलो आहोत ते या शेऱ्याविरुद्ध. पारितोषिक हुकल्याचे दुःख मुलांना आठवडाभर होते. आम्हांला तेवढेही नव्हते. परंतु निष्कर्ष कशाला म्हणायचे आणि तो ठाम केव्हा समजायचा याविषयीचा जो समज त्या एका ओळीत आहे, तोच समज वक्तृत्वस्पर्धांत, ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मलपृष्ठांवर आणि, कबूल करायला हवे, आमच्या स्वतःच्या वर्गांतही वर्षानुवर्षे सुखेनैव नांदतो आहे. त्याचा समाचार कोणीतरी घ्यायलाच हवा.

आधी ही मुले कोण ते सांगतो. आमच्या वर्गात आसपासच्या आगरी गावांतली मुले आहेत, पद्मशाली विणकरांची आहेत, मोमीन घरांतल्या मुली आहेत. कोणाच्या घरी माग अजून खडखडतो आहे, कोणाच्या घरचा माग भंगारात गेला आणि वडील आता महामार्गालगतच्या गोदामात पाळीवर जातात. कित्येकांच्या घरात मराठी ही दुसरी किंवा तिसरी भाषा. अशा पाच जणांपैकी चौघांनी पहिल्या दिवशी रघुनाथराव हे नाव धड ऐकलेले नव्हते. परंतु ‘अटकेपार झेंडे लावणे’ आणि ‘ध चा मा करणे’ हे दोन्ही वाक्प्रचार पाचही जणांना येत होते. दोहोंचा वाक्यात उपयोग करून त्यांनी शाळेत गुण मिळवले होते. हे दोन वाक्प्रचार एकाच घरातले, एक नवऱ्याच्या नावचा आणि दुसरा बायकोच्या, हे त्यांना कळले तेव्हा वर्गात जी शांतता पसरली तिच्यातून हा प्रकल्प निघाला. आमच्या सूचनेतून नव्हे, हे नमूद करतो.

वस्तुतः आश्चर्य मुलांना वाटले त्याहून अधिक आम्हांला वाटायला हवे होते. १७५८ ते १७७४ ही अवघी सोळा वर्षे. त्यांतून मराठीने ‘अटकेपार’ उचलले, ‘पानिपत होणे’ उचलले, ‘ध चा मा’ उचलला आणि ‘बारभाई’ उचलली. एका पिढीच्या राजकारणातून एवढे शब्दधन क्वचितच कोणत्या भाषेत उतरले असेल. आणि हे धन रोज खर्चूनही त्यावरचा छाप कोणी वाचत नाही. नाणे खरे की खोटे हे पाहण्याचा प्रघात आपल्या बाजारात नाही. पोरगा परदेशी शिकायला गेला की आपण त्याला अटकेपार पोचवतो, कारकुनाने मसुद्यात फेरफार केला की ध चा मा म्हणतो, आणि पुढच्या कामाला लागतो.

तेव्हा आधी अटक. १७५७ साली रघुनाथराव मोठ्या फौजेनिशी उत्तरेत गेले. दिल्ली हाती आली, १७५८च्या मार्चात सरहिंद पडले आणि एप्रिलमध्ये मराठ्यांची फौज लाहोरात शिरली. अब्दालीचा मुलगा तैमूरशहा आणि त्याचा सेनापती जहानखान यांना लाहोर सोडून माघारी पळावे लागले. पुण्याहून निघालेल्या फौजेने पंजाबच्या राजधानीत मुक्काम करावा ही गोष्ट लहान नाही. ती लहान करून सांगण्यात आम्हांला काडीचेही स्वारस्य नाही. परंतु मुलांनी छापील साधनांतून पाहिले ते इतकेच नव्हते. त्यांनी पाहिले की या मोहिमेत अदिना बेग खान आणि शिखांची दळे मराठ्यांच्या सोबत होती. लाहोर घेतल्यावर पंजाबचा कारभार अदिना बेगाकडेच वार्षिक ७५ लाखांच्या बोलीवर सोपवला गेला आणि रघुनाथराव मे महिन्यात परत फिरले. सप्टेंबरात अदिना बेग वारला. १७५९ सरता सरता अब्दाली पुन्हा पंजाबात उतरला आणि मराठ्यांची ठाणी उठली. म्हणजे सगळा मिळून दीड वर्षाचा अंमल. मोहिमेहून दादांनी खजिना आणला नाही. कर्ज आणले, आणि त्या कर्जावरून पुण्यात झालेली कुरबुर पेशव्यांच्या घरातल्या पुढच्या कलहाच्या मुळाशी आहे. दिल्लीत हाती सापडलेला नजीबखान मल्हारराव होळकरांच्या भिडेखातर १७५७ साली सोडून दिला गेला. त्या नजीबाने पुढे काय केले हे पानिपत शब्द उच्चारणाऱ्या कोणालाही ठाऊक असावे.

आणि झेंडा? लाहोरहून ४ मे १७५८ रोजी नानासाहेबांना लिहिलेले रघुनाथरावांचे पत्र प्रसिद्ध आहे. त्यात लाहोर, मुलतान आणि अटकेच्या अलीकडचे सुभे बहुतांशी आपल्या अंमलाखाली आल्याचे सांगितले आहे. अलीकडचे! मराठ्यांची एखादी तुकडी सिंधू ओलांडून पलीकडे गेली की काठावर थांबली, यावर इतिहासकारांत वाद चालत आलेला आहे आणि तो चालत राहो. परंतु स्वतः दादा लाहोरहूनच परतले, याविषयी फारसा वाद नाही. ‘पार’ हा शब्द मोहिमेनंतर भाषेने जोडला. तो जोडण्याचा भाषेला अधिकार आहे. भाषा पोवाडे गाते, ताळेबंद लिहीत नाही. मात्र संशोधन-स्पर्धेच्या विषयपत्रिकेवर ‘अटकेपार झेंडे लावणारे’ हे विशेषण निःशंकपणे छापून, ज्या गोष्टीचे संशोधन व्हायचे तीच गृहीत धरून, वर मुलांकडे ठाम निष्कर्ष मागायचा, हा न्याय आम्हांला कळत नाही.

त्याच पत्रातली दुसरी एक जागा आमच्या एका विद्यार्थिनीने दाखवली. आम्ही तिघांनीही ते पत्र पूर्वी वाचले होते आणि तिघांच्याही नजरेतून ती निसटली होती. इराणच्या बादशहाकडून अटकेची सीमा मान्य करण्याविषयी आलेल्या पत्रांचा उल्लेख करून दादा भावाला कळवतात की काबूल आणि कंदाहार हे सुभे अकबरापासून आलमगिरापर्यंत हिंदुस्थानचेच होते, तेव्हा ते परक्यांना का द्यावेत. आमच्या विद्यार्थिनीचे म्हणणे असे की सीमेवर उभा राहून जो हक्क हा सेनानी सांगतो, तो मोगलांच्या दप्तरातला हक्क आहे. हिंदुस्थानची कड कोठे संपते हे तो अकबराच्या आणि औरंगजेबाच्या सुभ्यांवरून ठरवतो आणि त्यात त्याला काहीही विसंगत वाटत नाही. अठराव्या शतकातल्या मराठी मुत्सद्द्याच्या मनात ‘आपले’ आणि ‘परके’ यांची रेघ कोठून जात होती याचा हा अस्सल पुरावा आहे. आजची रेघ तिच्याशी जुळत नाही. बेचाळीस पानांतली ही दोन पाने आमच्या मते सर्वोत्तम होती. परीक्षकांनी त्यांच्या समासात एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. फक्त प्रश्नचिन्ह.

आता ‘ध’. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. गारद्यांना दिलेला हुकूम ‘धरावे’ असा होता आणि आनंदीबाईंनी तो ‘मारावे’ असा केला, ही कथा ग्रँट डफच्या १८२६ साली छापलेल्या इतिहासात आहे आणि त्याआधीपासून लोकांच्या तोंडी असावी. तो फेरफार केलेला कागद आज कोणी समोर ठेवत नाही. कथा मात्र शाळकरी मुलांनाही पाठ आहे. १९०९ साली खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने हे घर रंगभूमीवर आणले, १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’ने पडद्यावर आणले. नाटक आणि चित्रपट दोन्ही मोठे. दोहोंविषयी आम्हांला आदर आहे. परंतु मुलांनी जो प्रश्न विचारला तो यांपैकी कोणत्याही कलाकृतीने सुटत नाही. समजा, अक्षर बदलले गेले. तरी ‘धरावे’ हा हुकूम कोणाचा? गादीवर बसलेल्या पुतण्याला भाडोत्री शिपायांकडून पकडवून कैद करण्याचा बेत कोणाचा? तो दादांचा. म्हणजे राजद्रोह दादांचा, त्याची योजना दादांची, तिचा लाभ दादांना, पेशवाईची वस्त्रे दादांच्या अंगावर. आणि वाक्प्रचार बाईच्या नावाने! रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते रघुनाथरावांना, आनंदीबाईंना नव्हे, हे तर परंपराच सांगते. न्यायाधीशाला जो दोषी दिसला तो भाषेला दिसला नाही.

या दोन वाक्प्रचारांचे एकत्र वाचन हाच मुलांच्या प्रकल्पाचा गाभा होता. एका वाक्प्रचाराने पुरुषाला तो जिथे गेला नाही तिथपर्यंत नेऊन ठेवले, आणि दुसऱ्याने त्याने केलेल्या गोष्टीतून अलगद बाहेर काढले. पहिल्यात ‘पार’ हे एक पद जास्तीचे, दुसऱ्यात ‘मा’ हे एक अक्षर जास्तीचे. दोहोंची बेरीज केली की सीमेवरचा शूर, भोळा, बायकोच्या नादी लागून फसलेला असा एक माणूस तयार होतो. मराठी रंगभूमीने आणि कादंबरीने तोच राघोबा पुन्हापुन्हा उभा केला. हा राघोबा आपल्याला सोयीचा आहे. त्याच्या पराक्रमाचा अभिमान बाळगता येतो आणि त्याच्या गुन्ह्याचे उत्तरदायित्व एका स्त्रीकडे सोपवता येते. आनंदीबाई निर्दोष होत्या असे आम्ही म्हणत नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या, राजकारण समजणाऱ्या होत्या, आणि पुढे सत्ता गेल्यावरही आपल्या मुलांसाठी खटपट करीत राहिल्या. आम्ही म्हणतो एवढेच की हिशेब करायचा तर दोघांचा एकाच वहीत करावा.

हा निष्कर्ष ठाम नाही काय? तो ठामच आहे. परीक्षकांना जे हवे होते ते निष्कर्ष नव्हते, निकालपत्र होते : नायक, किंवा खलनायक. इथे साहित्याच्या अध्यापकांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. नायक हा शब्द आपल्या शास्त्रात नाट्याचा आहे. धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित, धीरप्रशांत असे त्याचे चार प्रकार आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. प्रयोगाला आरंभ आणि शेवट असतो, फल असते, आणि त्या फलाचा जो स्वामी तो नायक. १७५८ सालच्या पंजाबचे फल कोणते आणि त्याचा स्वामी कोण? दादा मानावेत तर त्यांच्या हाती कर्ज आले. अदिना बेग मानावा तर तो चार महिन्यांत मेला. शेवटी फल अब्दालीला मिळाले म्हणावे तर पानिपत जिंकूनही त्याला दिल्लीवर राज्य करता आले नाही. इतिहासाला फल नसते, त्यामुळे त्याला नायकही नसतो. त्यात माणसे असतात, फौजा असतात, आणि फौजांना पैसा पुरवणारे सावकार असतात. मराठीत त्या काळी ‘नाईक’ म्हणजे शिपायांचा म्होरक्या आणि नाईक म्हणजे सावकारही. मुलांनी हे टिपले आणि त्यावर एक तळटीप लिहिली. तिलाही गुण मिळाले नाहीत. असो.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. काही सहव्यवसायी म्हणतात, हा सगळा शहाणपणा ठीक, पण मग मुलांनी काही भूमिका घ्यायचीच नाही काय? प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात असे म्हणून हात झटकणे हे काय संशोधन झाले? हा आक्षेप ज्यांच्यावर लागू पडतो अशी पुष्कळ पुस्तके आम्ही दाखवू शकू, परंतु आमच्या मुलांचे लिखाण त्यांत बसत नाही. त्यांनी दोन्ही बाजू मांडून हात झटकले नाहीत. दादा मैदानावर वेगवान आणि धाडसी सेनानी होते, मोहीम संपल्यानंतरचे काम त्यांना कधीच करता आले नाही, पुतण्यावरच्या कटात ते पुरते गुंतलेले होते, आणि १७७५ साली सुरतेला इंग्रजांशी केलेला त्यांचा तह हा त्यांच्या सगळ्या चुकांतला सर्वांत महाग ठरला; ही चारही विधाने प्रकल्पात आहेत, पुराव्यासह आहेत. नाही ते या चारांचे एका शब्दात रूपांतर. ते रूपांतर नाकारणे ही भूमिकाच होय, आणि पारितोषिक समोर असताना विशीतल्या मुलांनी ती घेणे याला आम्ही धारिष्ट म्हणतो.

सीमेवरच्या सेनापतींविषयी हा घोळ जगभर आहे, आपल्यापुरता नाही. अमेरिकेत १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर मारला गेला. ज्यांची भूमी बळकावण्यासाठी ती मोहीम होती त्या लाकोटा आणि शायेन लोकांनी ती लढाई जिंकली, तरी रणभूमीला नाव कस्टरचे राहिले. ते बदलायला १९९१ साल उजाडावे लागले. क्लाइव्हचा पुतळा लंडनच्या सरकारी वस्तीत उभाच आहे आणि तो हलवावा अशी मागणी २०२० साली जोरात झाली. आणि लांब कशाला जायचे? नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या. त्या स्वाऱ्यांचे वर्णन करणारे गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचे बंगाली काव्य आहे. महाराष्ट्राच्या नावाचे पुराण, आणि त्यात महाराष्ट्राची कीर्ती नाही, जाळलेल्या गावांची यादी आहे. बंगाली आया आजतागायत अंगाईत बर्गी येतील म्हणून मुलांना निजवतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. आपण ज्यांचे पोवाडे गातो त्यांच्या नावाने कोणीतरी लेकरू भिऊन झोपते, एवढी एक गोष्ट मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी कळावी. कळल्याने मराठी बाणा कमी होत नाही, असा आमचा पाच महिन्यांचा अनुभव आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावाच लागला तिच्याकडे येतो. तोंडी परीक्षेत पाचही मुले समोर बसली होती. चौघांना साधनांविषयी, प्रकरणांच्या रचनेविषयी विचारले गेले. पाचवी विद्यार्थिनी, पत्रातली ती जागा शोधणारी, मोमीन घरातली आहे. तिला विचारले गेले, ‘तुम्हांला हा विषय घ्यावासा का वाटला?’ ती म्हणाली, ‘सर, यादीत होता.’ त्यावर परीक्षक हसले, तिच्या शुद्ध मराठीचे त्यांनी कौतुक केले आणि आपल्या इतिहासात रस घेतल्याबद्दल तिला धन्यवाद दिले. परीक्षकांच्या मनात वाईट काही नव्हते, असे आम्ही मानतो. वाईट जे आहे ते त्या ‘आपल्या’ शब्दात आधीपासूनच आहे. मराठी विषय घेऊन पदवीला बसलेली, मोडीचे पहिले धडे गिरवणारी, भिवंडीत जन्मलेली मुलगी ज्याच्या बाहेर उभी राहते आणि जिला आत आल्याबद्दल धन्यवाद द्यावे लागतात, तो इतिहास नेमका कोणाचा आहे? रघुनाथरावांनी अकबराचे सुभे आपले म्हटले होते. आपले म्हणण्याचा आवाका १७५८ साली जेवढा होता तेवढा तरी शिल्लक ठेवायला काय हरकत आहे?

परत आल्यावर हितचिंतकांनी आम्हांला सल्ला दिला की भिवंडीत असले विषय घेऊच नयेत. त्यांना काय म्हणायचे ते आम्हांला कळते. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी या गावात दंगल पेटली आणि तिचे लोण जळगावपर्यंत गेले. १९८४च्या मेमध्ये पुन्हा तेच. आमच्यातल्या ज्येष्ठांनी हे पाहिले आहे. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्या घरांनी पाहिले आहे. इतिहासपुरुषाचे नाव या गावात कोणत्या रस्त्याने, कोणत्या घोषणेसह न्यायचे यावर एकेकाळी माणसांचे जीव गेले. परंतु म्हणूनच असे विषय घ्यायचे नाहीत, हे अनुमान आम्हांला मान्य नाही. ‘नायक होता की नाही’ हा प्रश्न घोषणेचाच धाकटा भाऊ आहे. त्याला उत्तर एका शब्दाचे लागते आणि ते मोठ्याने द्यावे लागते. ‘पत्रात काय लिहिले आहे’ या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने देता येत नाही, पाने उलटावी लागतात. १९७०च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने नेमके तेच केले होते. साक्षी, पोलिसांचे कागद, मिरवणुकीचा मार्ग, घोषणा आणि घडलेल्या गोष्टींचा क्रम हे सगळे ताडून पाहून त्यांनी अनेक खंडांचा अहवाल लिहिला. भिवंडीविषयी लिहिल्या गेलेल्या इतिहासांत त्याहून कसून केलेले काम आम्हांला माहीत नाही. गावातल्या किती वाचनालयांत तो सापडतो हे ज्याने त्याने पाहावे.

आणखी एक गोष्ट मुलांनीच शोधली आणि ती आम्हांला लाजवणारी होती. अटक इथून कित्येकशे कोस. परंतु दादांच्या सुरतेच्या तहाची किंमत जिथे चुकती झाली ते ठिकाण आमच्या तालुक्यात आहे. त्या तहाने दादांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. ही तीच वसई, जी त्यांच्या चुलत्याने, चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकली होती आणि जिच्यासाठी बोललेल्या नवसाचे वज्रेश्वरीचे देऊळ आजही तानसेच्या काठी उभे आहे. दादांचा पक्ष घेऊन इंग्रज युद्धात उतरले. १७८०च्या नोव्हेंबरात गॉडर्डने वसईला वेढा घातला, आणि वेढ्याच्या बचावासाठी हार्टले याची फौज भिवंडीच्या उत्तरेला दुगाडच्या टेकड्यांवर उभी राहिली. वसई सोडवण्यासाठी मराठ्यांची फौज घेऊन रामचंद्र गणेश कानडे तिच्यावर चालून गेले. सलग हल्ले झाले, आणि १२ डिसेंबरच्या धुक्याच्या सकाळी रामचंद्र गणेश पडले. त्यांच्या बाजूने लढणारा नोरोन्हा नावाचा पोर्तुगीज अधिकारी जखमी झाला. फौज मागे हटली. वसई त्याच सुमारास पडली होती. १७८२च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली, साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली ती राहिलीच. दादांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली, आणि १७८३ साली ते कोपरगावी वारले.

हेच रामचंद्र गणेश १७६९ साली थोरल्या माधवरावांनी उत्तरेला पाठवलेल्या सरदारांपैकी एक होते. पानिपतानंतर हिंदुस्थानात पुन्हा पाय रोवण्याच्या कामी ज्यांचा हात लागला त्यांतला हा माणूस अखेर भिवंडी तालुक्यात, एका तहनाम्यापायी मारला गेला. त्यांच्या नावाने मराठीत वाक्प्रचार नाही, नाटक नाही, आणि आमच्या वर्गात त्या दिवसापर्यंत त्यांचे नाव कोणी उच्चारलेले नव्हते. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात दुगाडची नोंद आहे. परकीय कारकुनाला जे टिपावेसे वाटले ते आम्हां शिकवणाऱ्यांना तीस-तीस वर्षे नोकरी करून ठाऊक नव्हते.

जानेवारीत एका रविवारी आम्ही मुलांना घेऊन दुगाडला गेलो. वाड्याच्या रस्त्याची अवस्था सांगण्यात अर्थ नाही. फाट्यावर चहा घेतला, टेकड्यांच्या बाजूला चालत गेलो. पाहण्यासारखे काही नाही. शेते, काही वीटभट्ट्या, झुडपांतून वर जाणारी पायवाट. लढाई इथे झाली होती असे सांगितल्यावर शेतातल्या एका बाबांनी कोणाची कोणाशी म्हणून विचारले. मुलांनी सांगायला सुरुवात केली आणि अडखळली, कारण एका बाजूला पेशव्यांचे मराठे आणि पोर्तुगीज अधिकारी, दुसऱ्या बाजूला इंग्रज आणि त्यांचे देशी शिपाई, आणि भांडण पेशव्यांच्याच घरातल्या एका काकांचे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, म्हणजे भाऊबंदकीच की.

या वर्षीच्या स्पर्धेची यादी आली आहे. तीत ‘नाना फडणीस : मुत्सद्दी की कारस्थानी?’ असा एक विषय आहे. मुलांनी तो घेतलेला नाही. दुगाडच्या लढाईवर काम करू द्यावे असे पत्र त्यांनी संयोजकांना पाठवले आहे, आणि उत्तराची वाट न पाहता कामाला सुरुवातही केली आहे. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर सध्या चार प्रश्न आहेत : रामचंद्र गणेशांच्या फौजेला दाणावैरण कोणत्या गावांतून मिळाली, ती मोल देऊन की जुलमाने, हार्टलेच्या देशी शिपायांची नावे कोठे मिळतील, आणि १३ डिसेंबरला सकाळी प्रेते कोणी उचलली.